शेवटचा 'स'

४ मार्च, सोमवार

प्रशिक्षण सुरू झालं. ज्यांच्या घरी इंग्रजीचा गंध नाही अशा मुलांना इंग्रजी आणि त्याचं व्याकरण कसं शिकवायचं — याचं! मी आयुष्यभर दुसरं केलंय काय? आणि मला शिकवणार कोण, तर माझ्या लेकीच्या वयाचा एक पोरगा. वाक्य संपलं की तळहातावर बोट टेकवतो. चहाच्या सुट्टीपर्यंत भूगोलवालीने त्याचं बारसं करून टाकलं — पूर्णविराम. (ती माझ्याच शाळेतली. परवापरवापर्यंत भूगोल शिकवायची, आता तिलाही इंग्रजीला जुंपलंय.)

शेवटी खऱ्या मुलांसमोर एक पाठ घ्यायचा. तो पडला तर इंग्रजीचे तास गेले. मुख्याध्यापिकेने आधीच ऐकवलंय, "मग बघू, वाचनालयात वगैरे." वगैरे म्हणजे काय, ते विचारायचा धीर झाला नाही.

व्याकरणाची मला भीती नाही.

५ मार्च, मंगळवार

आहे. भीती आहे.

आज मुलांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग ऐकवली. चूक ऐकू आली की हात वर करायचा. पहिलं वाक्य — सगळ्यांचे हात वर, माझा खाली. मला वाक्य ठीकच वाटलं! दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला भूगोलवालीचा हात बघून मी माझा उचलला, आणि पूर्णविरामने नेमकं मलाच विचारलं. "काय चुकलं, मॅडम?"

मी म्हटलं, "क्रियापद." नुसता ठोकून दिला अंदाज. बरोबर निघाला. पण ब्लाऊज पाठीला चिकटला होता.

'शी वॉक' की 'शी वॉक्स' की 'शी वॉक्ड' — हे न कळायला मी काय दुसरीत आहे?

७ मार्च, गुरुवार

आजही तेच. लिहिलेलं वाक्य असलं तर चूक लगेच डोळ्यांत खुपते. तेच वाक्य कुणी बोललं की सगळं गुळगुळीत. हातातून साबण निसटावा तसं निसटतं.

घरी आल्यावर आईला विचारलं, "औषध घेतलंस का?"

"हो ना, फार उकडतंय आज," आई म्हणाली.

हे पेपरमागे हसले. मी नाही हसले. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी बोलण्यातलं एखादं टोक सुटायचं. मग भलतीच उत्तरं. मग हळूहळू बोलणंच आटलं. आता खिडकीपाशी बसते, कुणी बोललं की नुसती हसते. सुरुवात झाली तेव्हा ती माझ्या आत्ताच्या वयाहून फार मोठी नव्हती.

कुणालाच सांगणार नाही, फक्त इथे लिहिते. मला आईचं व्हायला लागलंय.

९ मार्च, शनिवार

भाजी चिरताना सगळी क्रियापदं म्हणून बघितली. गो-वेंट-गॉन. ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट. एकही चुकलं नाही! मग मुद्दाम अवघड काढली. तीही आली. हे दारात येऊन म्हणाले, "कसला जप चाललाय? आणि तो ओव्हन केव्हाचा टीं टीं करतोय, बंद कर की."

वाजत होता? मी त्याच्याच शेजारी उभी होते.

लक्ष कुठे असतं माझं?

११ मार्च, सोमवार

आज फक्त लेखी काम. पैकीच्या पैकी! भूगोलवाली म्हणाली, "तू काय बाई, पुस्तकच गिळलंयस." घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

१३ मार्च, बुधवार

उद्या माझा पाठ. चित्रं दोनदा मोजून पिशवीत भरली.

१४ मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसायचा नाही.

पाठ चांगला सुरू झाला होता. चित्रं लावली, मुलं खुशीत. पूर्णविराम मागच्या बाकावर मांडीवर कागद ठेवून बसलेला. पहिल्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी, बोलायला बुजणारी. खाली मान घालून बोलत होती. मी विचारलं, चित्रातली बाई रोज काय करते? ती हळूच म्हणाली, "शी वॉक टू द मार्केट."

मी म्हटलं, "नो, डिअर. शी वॉक्स."

ती पुन्हा म्हणाली. मला पुन्हा 'वॉक'च ऐकू आलं. मी फळ्यावर 'एस' लिहिला, त्याखाली रेघ मारली, पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चौथ्यांदा तिने तोंड उघडलं आणि वाक्याऐवजी रडूच बाहेर आलं.

पूर्णविराम उठून पुढे आला. मुलीशी काहीतरी बोलला, तिला पाणी दिलं. मुलं गेल्यावर मला म्हणाला — रागाने नाही, तेच जास्त लागलं — "मॅडम, ती पहिल्यापासून बरोबर म्हणत होती. प्रत्येक वेळी. तुम्ही का थांबवत होतात?"

मी घाईने चित्रं गोळा करायला लागले. "डोकं दुखतंय," म्हणाले. डोकं!

घरी पायरीवरच बसून राहिले. आत जायचं म्हणजे आईसमोरून जायचं.

१६ मार्च, शनिवार

"पाठ कसा झाला, सांगितलंच नाहीस," यांनी विचारलं.

"बरा झाला."

"मग अशी का दिसतेस? रात्रीची झोपतही नाहीस."

सांगायला तोंड उघडलं होतं. पण आईकडे बघितलं. ती जेवत होती, ताटात डोळे घालून, आम्ही दोघं खोलीत नाहीच अशी. उद्या मी तिथे बसेन. हे लेकीशी हळू आवाजात माझ्याबद्दल बोलतील, जसं आम्ही आईबद्दल बोलतो. मी हसेन नुसती.

म्हटलं, "दमलेय. बाकी काही नाही."

लेकीचा फोन आला. "आई, ऐकतेयस ना? मी काय म्हटलं सांग बरं!" ती सहजच म्हणाली असेल. फोन यांच्याकडे दिला.

१८ मार्च, सोमवार

आज उच्चारांचा तास होता. पूर्णविरामने तोंडासमोर कागद धरला. "आता फक्त कानांनी." एक शब्द म्हणायचा, एक वस्तू की अनेक ते आपण सांगायचं. कॅट की कॅट्स. बुक की बुक्स. सगळे भराभर सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा मला सगळ्या मांजरी एकेकट्याच ऐकू आल्या. एकही बरोबर आलं नाही. कुणीतरी मागे खुसखुसलं. निदान मला तसं वाटलं.

त्याने कागद खाली घेतला आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. सगळे ओळखले! एकही चुकला नाही.

"तुम्ही थांबा जरा," तो मला म्हणाला.

संपलं, म्हटलं. भूगोलवालीने जाताना दंड दाबला. खोलीत आम्ही दोघंच. तो खुर्ची ओढून समोर बसला. "मॅडम, तुम्ही माझ्या ओठांकडे बघता. पहिल्या दिवसापासून. त्या मुलीने मान खाली घातली होती, ओठ दिसत नव्हते तुम्हाला. कान तपासलेत कधी?"

कान?

मी चिडलेच. "मला ऐकू येतं सगळं! आत्ता तुमचं येतंय ना?"

"माझ्याकडे बघताय म्हणून," तो म्हणाला. आणि आज पहिल्यांदाच तळहातावर बोट टेकवलं नाही.

२० मार्च, बुधवार

यांना न सांगता कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

एका बंद खोलीत बसवलं. कपाटच ते, काचेची खिडकी असलेलं. कानांवर जाड आवरणं. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीचे जाडे आवाज आले, दाबलं. मग काहीच येईना. वाटलं यंत्र बिघडलं. पण काचेपलीकडे तपासणी घेणारी मुलगी मान खाली घालून काम करत होती. अधूनमधून माझ्याकडे बघायची, वाट बघितल्यासारखी. म्हणजे आवाज चालू होते. चालूच होते! आणि मी त्या शांततेत बटण धरून बसले होते. इतकी भीती मला आजवर कशाची वाटली नाही.

डॉक्टरीण समजावून सांगत होत्या. जाडे आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. "शब्दाच्या शेवटचा 'स' गेला, 'ट' गेला. आपल्या भाषेत निभावून जातं. उरलेलं मन भरून काढतं."

इंग्रजीचं अर्धं व्याकरण शब्दाच्या शेपटात असतं, बाई! असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं दुसरंच. "म्हणजे माझं डोकं...?"

"डोक्याला काय झालंय तुमच्या?"

मी रडले. परक्या बाईसमोर, नाक ओढत.

त्यांनी रडू दिलं, मग विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे असं?"

"नाही. आईला आहे, पण तिचं वेगळं. तिची बुद्धीच —"

"कान तपासलेत त्यांचे?"

२३ मार्च, शनिवार

यांना सगळं सांगितलं. यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "वेडाबाई, एवढं एकटीने वाहत होतीस?" मग ओव्हन वाजवून माझी परीक्षा घेत बसले!

पण मला एक गोष्ट सोडत नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, "आजी, आज वार कोणता?" आई म्हणाली, "दार? लावलंय की." डॉक्टरांनी आमच्याकडे बघून मान हलवली, आम्हीही हलवली. गोळ्या सुरू झाल्या.

वार. दार.

नको. आत्ताच काही धरून चालायला नको. तिचं खरंच डोक्याचं निघालं तर? आणि नाही निघालं तर? या दुसऱ्या 'तर'चीच भीती जास्त वाटतेय.

२६ मार्च, मंगळवार

पूर्णविरामने आणखी एक संधी दिली, पाठ पुन्हा घेतला. कानांत आठवडाभर वापरून बघायला दिलेली यंत्रं. कागद उलटला तरी दचकायला होतं. सगळं जग खरखरतंय.

पूर्णविरामला यंत्रांचं आधीच सांगितलं होतं, शाळेत कळलं तर काय, हेही विचारलं. "चष्मा लावणाऱ्यांना काढतात का?" तो म्हणाला. मला अजून तितकीशी खात्री नाही.

दोन वेण्यांची पुन्हा पहिल्याच रांगेत. मला बघून तिने बाक घट्ट धरला. तिच्यापाशी खाली बसले. म्हटलं, त्या दिवशी तू बरोबर होतीस, चूक माझ्या कानांची होती. तिने यंत्राकडे निरखून बघितलं. मग वहीत मान घालून पुटपुटली, "आय नो, टीचर."

ऐकू आलं!

पाठात एक चित्र मी उलटं लावलं आणि वेळ कमी पडला. पूर्णविराम म्हणाला, पास.

२८ मार्च, गुरुवार

आईला नेलं. त्याच कपाटात बसवलं. तिने बटण जवळजवळ दाबलंच नाही. डॉक्टरीण म्हणाल्या, किती वर्षं झाली कोण जाणे, विसरणं त्यात किती आणि न ऐकणं किती ते आता हळूहळू कळेल.

तिच्या कानांत यंत्रं बसवली. मी नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "आई, येतंय का ऐकू?"

तिने कानातल्या यंत्राला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "चिमे, मला वाटायचं, मला वेड लागलंय म्हणून तुम्ही सगळे माझ्यासमोर हळू बोलता."