अब्बांचं लाकूड फोडायचं मशीन

३ डिसेंबर, मंगळवार
कामाला सुरुवात. पंधरा तारखेला, रविवारी, अब्बांना जाऊन चाळीस दिवस होतील, त्यांचा चाळिसावा. शुक्रवारी जमातीसमोर जाहीर करून बसलोय की त्या दिवशीच्या जेवणाच्या देगा अब्बांच्याच मशीननं फोडलेल्या लाकडावर शिजतील. ऐकून सगळ्यांनी माना खाली घातल्या. भावना अनावर झाल्या असणार.

मशीन पत्र्याच्या शेडमध्ये तसंच आहे. ट्रॉली उचलायचा जॅक आडवा टाकलेला, मागं मोटर, पुढं पोलादी पाचर. दट्ट्या ओंडका ढकलतो, पाचर फोडते. साधं काम. राहू गावच्या एका गुऱ्हाळवाल्याकडून अब्बांनी ते जुनं घेतलं होतं. सरपणाची वखार जोरात होती तेव्हा आमच्या कवठ्यात असं दुसरं मशीन नव्हतं. आम्हा पोरांना शेडमध्ये बंदी. सकाळी मोटरचा आवाज आणि दारात फोडलेल्या लाकडांचा ढीग, एवढंच आठवतं.

मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. हे दोन दिवसांचं काम. उद्यापासून पहाटे फजरच्या नमाजला उठणार.

४ डिसेंबर, बुधवार
फजर हुकली. थंडी फार.
मोटर एका झटक्यात सुरू! दट्ट्या ऐटीत पुढं गेला, ओंडक्याला टेकला आणि थांबला. सील गेलंय. शिरूरहून नवीन आणलं.

शेजारचे जयसिंगआप्पा आले होते. बाभळीचे ओंडके त्यांच्याच बांधावरचे. पाबळच्या मेकॅनिकचा नंबर देतो म्हणाले. म्हटलं, आप्पा, घरात टेक्निकल माणूस असताना बाहेरचा कशाला? अब्बांच्या वेळी एक ओंडका किती वेळात फुटायचा, असं विचारलं. तर म्हणाले, आवाज लई ऐकलाय बाबा. आणि तंबाखू मळत निघून गेले. शेतकऱ्यांना टेक्निकल माहिती नीट सांगता येत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार
फजर हुकली. अलार्म खराब आहे.
नवीन सील बसवलं. आधी तेल पुढून गळायचं, आता मागून गळतं. म्हणजे प्रगती आहे. बायको म्हणाली, सील उलटं बसलंय. शायनानं आपलं शिलाई मशीन सांभाळावं. असं तिला बोललो नाही, इथं लिहितोय.

मोटर बंद केल्यावर दट्ट्या आपोआप मागं सरकला. हळूहळू, काही न बोलता. अब्बा जेवणावर रुसले की ताट असंच सरकवायचे. अंगावर सर्रकन काटा आला. कारण हवामान.

८ डिसेंबर, रविवार
पहाटे अर्धवट झोपेत ठक ठक ऐकू आलं. शेडच्या बाजूनं. मध्येच खाकरल्यासारखं. उठून बघायला हवं होतं. पांघरूण डोक्यावरून घेतलं. भीती नव्हे, सर्दी.

उजाडल्यावर जाऊन पाहतो तर काल मशीनमध्ये अडकवून ठेवलेला ओंडका फुटलेला! शेजारी आणखी ढीगभर. अम्मा ओट्यावर चहा पीत बसली होती. कोणी आलं होतं का, विचारलं. म्हणाली, कोन यायचंय आता?

निष्कर्ष: मशीन रात्रभर हळू दाब देत राहतं. स्लो प्रेशर. कंपनीत यावर प्रेझेंटेशन करावं म्हणतो.

१० डिसेंबर, मंगळवार
पुन्हा ढीग. पण मी समोर उभा राहिलो की मशीन सालपटसुद्धा काढत नाही. स्लो प्रेशरमध्ये हे बसत नाही. अब्बांना माझा हात लागलेला आवडत नाही बहुतेक.

शेडच्या दारात उभा राहून मोठ्यानं म्हटलं, अब्बा, चुकलंमाकलं माफ करा, एकदा माझ्यासमोर चालवून दाखवा. मोटर लावली. दट्ट्या ओंडक्याला टेकून उभा राहिला, ढिम्म. मला रडू आलं. दफनाच्या वेळी आलं नव्हतं. मोटर चालू होती म्हणून घरात कोणाला कळलं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार
आजचा ढीग लहान. दोन देगांना पुरेल, तिसरीला नाही. अब्बा थकले असतील.
शायना म्हणाली, अम्मांचे हात सुजलेत, बाम आणा. म्हटलं थंडीत म्हाताऱ्या माणसांचं होतंच. झोपताना मशीनपाशी अब्बांसाठी कपभर चहा ठेवला. शायनाला सांगितलं, मांजराला.

१४ डिसेंबर, शनिवार
शायनानं आज तिच्या फोनवर अलार्म लावून फोन माझ्या कानाशी ठेवला. उठावंच लागलं. झुंजुमुंजू झालं होतं. ठक ठक चालूच होतं. कलमा म्हणत शेडपर्यंत गेलो.

अम्मा. पदर खोचलेला, हातात कुऱ्हाड.
ती म्हणाली, बाजूला सर, ढलपी उडंल.

मग तिनं खाली बसून सगळं सांगितलं. ह्या मशीननं आजवर काडीबी फोडली न्हाई. राहूहून आनलं तवापासून असंच. अब्बा नमाजला गेले की ती फोडून ठेवायची. ते आले की घटकाभर मोटर लावायचे, ढिगाकडं बघायचे आणि गिऱ्हाइकाला मशीनचं कौतुक सांगायचे. गावाला ठाऊक होतं. मानूस चांगला हुता, कशाला कोन बोलंल?

मी जाहीर केलं तेव्हा माना का खाली गेल्या, ते कळलं. उद्या लोकांना काय सांगू, विचारलं. म्हणाली, मशीननं फोडली म्हन. जेवायला आलेलं मानूस इचारत न्हाई.

मग मला धीर होईना, तरी विचारलं. अब्बांना माहीत होतं का?

अम्मा हसली. ते गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, मग रोज सांजच्याला कुऱ्हाडीला धार कोन लावून ठेवायचं?

तिच्या हातातून कुऱ्हाड घेतली. पात्यावरून अंगठा फिरवला. पार बोथट. वाळलेल्या बाभळीवर ती हीच चालवत होती. अब्बा गेल्यापासून कुऱ्हाडीला कोणी धार लावली नव्हती.