काठाचा उतार

प्रिय बगळे,

परवा तू फोनवर तळ्याचा आराखडा कसा वाटला म्हणून विचारलंस आणि मी चहा उतू जातोय असं सांगून फोन ठेवला. चहा ठेवलाच नव्हता. तेव्हापासून जिवाला चैन नाही. तू पाठवलेला कागद भिंतीला टेकवून ठेवलाय आणि येता-जाता त्याच्याकडे बघते. रेषा सुरेख आहेत. तुझं पहिलं मोठं काम, खाली तुझं एकटीचं नाव, तेही मी चष्मा पुसून पुसून वाचलं. बाबा तर शेजाऱ्यांना बोलावून असे दाखवतात, जणू तळं त्यांनीच खणलंय.

पण आराखड्यातल्या त्या सरळ उभ्या दगडी काठापाशी माझी नजर अडते. तिथं काठापासूनच पुरुषभर पाणी, सगळीकडे सारखं. आठवतं, पक्षी मोजायला आपण याच तळ्यावर जायचो? मी बुटकी, घोट्याएवढ्या पाण्यात थांबायचे. तू लांब तंगड्या टाकत पुढे जायचीस, म्हणून तर बगळी झालीस. एकदा तुझी बरोबरी करायला गेले आणि मांडीपर्यंत रुतले. तू मला ओढून काढलंस, पण माझा एक गमबूट अजून त्या चिखलात आहे. पक्षी असला आगाऊपणा करत नाहीत. आखूड पायांचा चिखल्या ओल्या काठावरचे किडे टिपतो, तुतवार पाण्याच्या कडेकडेनं चोच खुपसत फिरतो आणि काटकुळ्या पायांची शेकाटी पोटाला पाणी लागेपर्यंत आत जाते. इतके जण एका तळ्यात नांदतात ते आताच्या काठाच्या उतारामुळे. प्रत्येकाच्या पायाला बेताचं पाणी कुठं ना कुठं मिळतं.

पलीकडच्या वस्तीतल्या तळ्याला असाच काठ बांधला, तेव्हा मी तिथं मोजणीला जात होते. पाणी वाढलं, स्वच्छ झालं, लोक खूश. हिवाळ्यात पक्षी आले, घिरट्या घातल्या आणि उतरायला जागा नाही म्हणून निघून गेले. आता तिथं बुडी मारणारे पाणकावळे तेवढे आहेत, आणि भरपूर आहेत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, तळं पक्ष्यांनी भरलंय. तुझ्या साहेबांनी तेच नमुना म्हणून दाखवलं असणार. चिखलात वाढलेली पोर हे विसरलीच कशी, असा कधी राग येतो. मग वाटतं, नव्या नोकरीत तुला बोलायची भीती वाटली असेल.

आता मुद्द्याचं, जे लिहायला एवढे आढेवेढे घेतले. सोमवारी तुझा आराखडा मंजुरीला येतोय. नगरपालिकेनं पक्ष्यांच्या बाजूनं बोलायला कुणीतरी जाणकार बोलावलाय, एवढंच तुला ठाऊक आहे. ती मी आहे. आपलं नातं सांगून सुटका करून घ्यायला बघितलं, पण तरी चालेल म्हणाले. निदान पूर्वेकडचा काठ उतरता ठेवा, असं मी सांगणार आणि समोर तू बसलेली असशील. चारचौघांत कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. फोनवर मला रडू आलं असतं आणि तू लगेच माघार घेतली असतीस, ते मला नकोय. पटलं नाही तर माझं म्हणणं सगळ्यांसमोर खोडून काढ, आई म्हणून सूट देऊ नकोस. फक्त सभा संपल्यावर, निकाल काहीही लागो, माझ्यासाठी दारात थांब. तिथून एकटीनं परत येणं मला जमणार नाही.

तुझीच,
बुटकी आई