बोंबलांच्या यंत्राची चौकशी

मु. किहीम, कार्तिक, सन १९३२

तीर्थरूप अनंतामामांस भिकूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि मामीचा राग दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे बरे, फक्त माझ्यावर कुणाकुणाची नजर आहे.

मामा, मी एक यंत्र शोधून काढलंय. वाळत घातलेल्या बोंबलांसाठी आहे, एवढंच सांगतो. (आपला टपालवाला रघू लोकांची पाकिटं जिभेनं चिकटवून देतो, तो उघडतही असणार.) बाबा म्हणाले, "कुनी आधी पेटंट घेतलं नसंल तर कर तुजं यंत्र. घेतलं असंल तर गुमान होडीवर चढ." होडीवर माझ्या पोटाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे (तुमचं नवं धोतर त्यातच गेलं).

म्हणून म्हटलं, किनाऱ्यावर कुणाकडे हे यंत्र आहे का ते आधी आपणच पाहावं. नागावात संशय नको म्हणून एका वरातीमागे गेलो आणि नवऱ्यामुलाच्या घरीच राहिलो, ते असो. कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं की कल्पना गेली. नुसता वाळत्या बोंबलांखाली वाकून बघायचो. उरणला मला पाहताच बायका उठल्या आणि मैना नावाच्या म्हातारीनं घाईनं कशावर तरी जुनं शीड टाकलं. म्हटलं, माझंच यंत्र, दुसरं काय? शीड उचललं तर खाली मीठ. मिठागरातलं, चोरून आणलेलं. आणि मी त्यांना मीठखात्याचा माणूस वाटलो. मैना म्हणाली, "सायब, घरापुरतं हाय. ही सुक्या जवल्याची पिशवी घ्या नि जा." मी साहेब नाही म्हटलं, तर तिनं आणखी एक दिली. पुढे प्रत्येक वाडीत हेच. यंत्र कुठं दिसलं नाही, पण तेही लपवलं नसेल कशावरून?

तुम्ही वकिलाच्या कचेरीत पट्टेवाले. तिथं कुणाकडून तरी सगळी पेटंटं तपासून घ्या. काय शोधायचं ते मात्र त्यांना सांगू नका (म्हणूनच तुम्हालाही सांगत नाही, राग नसावा). आहे की नाही, एवढंच कळवा.

आपला आज्ञाधारक,
भिकू

ता. क. जवळ्याच्या पिशव्या रेवसच्या बोटीनं धाडल्यात. मामीनं विकाव्यात, कुठून आल्या ते सांगू नये.

आणखी ता. क. तुमचं उत्तर येईतो बाबा मला होडीवर चढवत नाहीत. तेव्हा तपास सावकाश करा. पाऊस लागून होड्या वर ओढल्या की मग कळवा. काहीही कळवलंत तरी चालेल.