गाडी चित्रासारखी हवी

प्रिय काडीपैलवान,

हे पत्र ठिणगीच्या हाती पाठवतेय. तुझ्या हातात ठेवल्याशिवाय हलायचं नाही असं मी तिला बजावलंय, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस. फोनवर तू हल्ली 'बरं' याच्या पुढे जात नाहीस. मी चार ओळी जास्त लिहिल्या की त्या वर्कशॉपच्या बाकावर पडलेल्या तुझ्या फोनवर आधी तुमचा कप्तान वाचतो आणि मग तू. म्हणून कागद. फक्त शनिवारच्या आधी वाच. शनिवारी तू कॉलेजच्या क्लबाने बनवलेल्या त्या शर्यतीच्या गाडीत बसणार आहेस.

घरी सगळे ठीक आहेत, म्हणजे माझी भीती त्यांना खरी वाटत नाही म्हणून ठीक आहेत. बाबा सकाळी वर्तमानपत्राच्या आधी तुमच्या क्लबची वेबसाइट उघडतात. स्पॉन्सरांची नावं मोठ्याने वाचतात, जणू सगळे आपले व्याहीच आहेत. आईला एकच काळजी, हेल्मेटमध्ये तुझे कान दुमडतात का. तुमच्या त्या स्पॉन्सर पंपवाल्यांनी शनिवारी त्यांच्या कारखान्याच्या आवारात गाडी पळताना बघायला दोघांना बोलावणं पाठवलंय, पुढच्या रांगेत खुर्च्या आहेत म्हणे. बाबांनी कोट धुवायला टाकलाय. त्या कोटाकडे माझ्याच्याने बघवत नाही.

सुट्टीत तू आणि कप्तान माझ्या टेबलाशी येऊन बसला होतात ते आठवतं ना? तुमची जुनी साइट बघून मला हसू आवरेना. एक धुरकट फोटो, त्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि खाली क्लबच्या ध्येयधोरणांवर असा उतारा की लिहिणाऱ्यानेही पुन्हा वाचला नसेल. तुम्हाला दोनच गोष्टी हव्या होत्या. पहिल्या वर्षाची मुलं क्लबात यायला हवीत आणि कुणीतरी टायरांचा खर्च उचलायला हवा. मी म्हटलं, फुकट करून देते, पण रंगांवरून डोकं खायचं नाही. खाल्लंच, ते सोड. तरी काम मी मनापासून केलं. क्लबची थोरवी कुणी वाचत नाही, म्हणून मी प्रत्येकाचा फोटो लावला आणि त्याखाली त्याने स्वतःच्या हाताने काय बनवलंय ते लिहिलं. पहिल्या वर्षाच्या पोरीला दिसलं पाहिजे की ही ठिणगी आपल्याहून थोडीशीच मोठी आहे आणि अख्ख्या गाडीचं वेल्डिंग तिनं केलंय. स्पॉन्सरसाठी मी सगळ्यात वर गाडीचा बाजूने घेतलेला मोठा फोटो ठेवला. नाव कुठे झळकेल ते माणसाला डोळ्यांनी दिसलं की त्याचा हात सैल होतो.

फक्त त्या फोटोत तो तिरका पाइप होता. चाचणीत तू टायरांच्या ढिगावर आदळलास, गाडीची ती बाजू आत चेपली, आणि कमरेवरचा काळानिळा डाग तू घरी जिन्यावरून पडलो म्हणून खपवलास. त्यानंतर ठिणगीनं तो पाइप बाहेरून वेल्ड केला, अगदी तुझ्या कमरेच्या समोर. दिसायला ओबडधोबड होता. चित्रात मी पंपवाल्यांचं नाव टाकून बघितलं तर तो बरोबर नावाला छेद देऊन जात होता. मी तो पुसला. माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. घराच्या फोटोतून विजेच्या तारा काढते, दुकानदाराच्या गालावरचा मस काढते. आजवर एकानेही चित्र बघून खऱ्या तारा कापल्या नाहीत.

कप्तान खूश झाला. म्हणाला, आज पहिल्यांदा आपली गाडी गाडीसारखी दिसते. पंपवाले साहेब तर चित्रावर लट्टूच झाले. त्यांनी ते कारखान्याच्या फाटकावर भलंमोठं लावलं, आपल्या मोठ्या साहेबांना दाखवलं आणि कळवलं की शनिवारी गाडी चित्रासारखी हवी. यावर कुठल्याही शहाण्या माणसाने मला फोन करून सांगितलं असतं, ताई, तो पाइप चित्रात परत घाल. हे फक्त तुम्हालाच सुचू शकतं की चित्र तसंच ठेवायचं आणि पाइप गाडीवरून कापायचा.

मला हे कुणी सांगितलं नाही. मला फक्त निरोप येत राहिले, साइटवरून हे काढ, ते काढ. आधी टायरांवर आदळल्याचा व्हिडिओ, का तर स्पॉन्सर घाबरतात. काढला. मग वर्कशॉपमधले जुने फोटो, त्यात गाडी कच्ची दिसते. तेही काढले. मग एक दिवस निरोप आला, ठिणगीचा फोटो काढ, ती आता क्लबात नाही. जिने गाडी जोडली ती गाडी पळायच्या तोंडावर सोडून जाते? तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण तू म्हणालास, असतं काहीतरी, तू नको डोकं घालू. मी नाही घातलं. साइट दिवसेंदिवस देखणी होत गेली आणि तिच्यातली माणसं कमी होत गेली.

मग नवे फोटो आले. रंग जुळवायला मी जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवले. नव्यात पाइप नव्हता. आधी वाटलं, तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्यासारखा पुसला, आणि बरा पुसलाय की. मग जमिनीवर बघितलं. पाइपची सावलीही नव्हती. सावली पुसायचं भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. मी सगळे फोटो उघडले, डावीकडून, उजवीकडून, मागून. कुठेच नाही. जिथे तो जोडला होता तिथे घासून रंग मारलाय, आणि त्याच्या खाली, तुझ्या सीटच्या बाजूला जिथे दोन पाइप मिळतात, तिथे रंगात केसासारखी रेघ आहे. त्यानंतरच्या फोटोत ती रेघ लांब झालीय. मला गाड्यांमधलं ओ का ठो कळत नाही. पण रेघ वाढली की नाही हे मला कळतं.

मी ठिणगीला शोधून काढलं. तिनं फोटो मोठा करून बघितला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. पुन्हा बघायला तयार होईना. म्हणाली, रंग नाही गेलेला, सांधा उघडतोय. तो पाइप गेल्यापासून सगळा भार त्या एका सांध्यावर आहे. पुन्हा कशावर आदळली तर ती बाजू नुसती चेपणार नाही, तुटलेला पाइप सरळ आत येईल. आत कोण आहे ते तिनं सांगितलं नाही. कप्तानाला तिनं हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, हळू एक फेरी मारू, सोमवारी पाइप परत लावू. ती तुमच्या सरांकडे गेली. सर म्हणाले, दुरुस्तीनंतर मी ज्या नकाशावर सही केली त्यात पाइप आहे. झालं, सरांनी हात झटकले आणि ती क्लबातून बाहेर पडली.

हळू फेरी म्हणे. मी नावाचा आकार विचारायच्या निमित्ताने पंपवाल्यांच्या ऑफिसात फोन केला. तिथली बाई उत्साहाने सांगत होती की मोठ्या साहेबांना वेगाची भारी हौस आहे, कप्तानाने पूर्ण वेगाचा शब्द दिलाय आणि आमचं आवार चांगलं लांबलचक आहे. मी विचारलं, टोकाला काय आहे? ती म्हणाली, गोदामाची भिंत.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग साइट उघडून मलाच माझं चित्र दाखवलं. म्हणाले, बघ की, किती भक्कम दिसते गाडी. तू उगीच जिवाला घोर लावून घेतेस. माझ्याच हातचं काम माझ्या तोंडावर मारलं त्यांनी.

मग मी वर्कशॉपवर आले. तू मला आतही घेतलं नाहीस, दारातच उभं केलंस. म्हणालास, ताई, तुला चित्रातलं कळतं, गाडीचं आमच्यावर सोड. हे बोलताना तुझा हात कमरेवर होता, त्याच जागी. तुला माहीत आहे रे. रोज त्या सीटवर बसणाऱ्याला सांधा करकरलेला ऐकू येत नाही असं मला सांगू नकोस. तू का गप्प आहेस तेही मला ठाऊक आहे. खेळात तुला कधी कुणी घेतलं नाही, तू कायम कडेला बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायचास. आणि इथे बारीक आहेस म्हणूनच तुला निवडलं, गाडीत मावणारा तूच एक. तुझं नाव घेऊन पोरं ओरडतात. हे सगळं हातातून जाईल या भीतीने तू तोंड उघडत नाहीस. मला त्याचा राग येत नाही, फार वाईट वाटतं.

काल सकाळी मी साइट बदलली. सगळ्यात वर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, गेलेल्या पाइपच्या जागी गोल केला, रेघेवर बाण काढला, आणि काय कापलं, का कापलं ते ठिणगीच्या शब्दांत खाली लिहिलं. दुपारपर्यंत ते राहिलं. मग कप्तानाने पासवर्ड बदलला आणि माझं ते चकचकीत चित्र परत आलं. त्याखाली आता तुझा हसरा फोटो आहे आणि शनिवारची वेळ आहे. पंपवाल्या साहेबांना मी सगळं स्वतंत्रपणे कळवलं होतं, तर त्यांचं उत्तर आलं की साइटमध्ये कुणीतरी खोडसाळपणा केला होता, तुमच्या मुलांनी तो चटकन निस्तरला, कौतुक आहे. आता मला तुझ्याशीच बोलायचं राहिलंय. तू बसला नाहीस तर ती गाडी हलत नाही, तिच्यात दुसरं कुणी मावत नाही. कमर धरली म्हण, ताप आला म्हण, भ्यालो म्हण, काहीही म्हण, पण बसू नकोस. आणि बसलास तर समोर बघ. मी आई-बाबांच्या शेजारच्या खुर्चीत नसेन. मी त्या आवाराच्या मधोमध उभी असेन आणि मला ओढून काढायला आले तर खाली बसेन. सगळ्यांसमोर तुझी शोभा होईल, पंपवाले जातील, क्लब तुला कधी माफ करणार नाही, हे सगळं मला कळतंय. हे तुला तिथे अचानक दिसू नये, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र लिहिलं. त्यानंतर हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस. जन्मभर चालेल मला.

तू झिडकारलंस तरी तुझीच,
ताई