ओट्याशी चालतील असे मोजे

पूर्णा, भिवंडी
पौषातली सकाळ

तीर्थस्वरूप आक्कास,
धाकट्या केसरीनाथाचा दंडवत पोचावा. गुडघे कसे आहेत? अकलोलीच्या गरम कुंडाशेजारी राहून तुझे गुडघे दुखतात याचं मला नवल वाटतं, पण तू म्हणे पाण्यात पाय न सोडता काठावर बसून बायकांना लोकरीचं विणकाम शिकवतेस. आमच्याकडे सगळी खुशाली आहे, फक्त मला स्वयंपाकघरात बंदी आहे. (फोन केला असता, पण मंदा शेजारीच बसते आणि फोनमधलं तुझं बोलणं तिला माझ्याआधी ऐकू येतं.)

भांडण मोज्यांवरून आहे. रीमा सूनबाईने घरभर पांढऱ्या गुळगुळीत लाद्या बसवून घेतल्या. दिसतात छान, मी नाही म्हणत नाही. पण पहाटे त्यांवर पाय ठेवला की थंडी टाचेतून शिरते ती थेट टाळूपर्यंत जाते. भूपेश म्हणतो, बाबा, भिवंडीत कसली आलीय थंडी. तो दिवसभर गोदामात बूट घालून फिरतो, त्याला काय कळणार? पाय माझे आहेत, त्यांना थंडी वाजते की नाही ते मीच ठरवणार. घरात चप्पल घालायची आपली रीत नाही आणि ती मोडायचा माझा विचारही नाही. म्हणून मोजे. यात मी कुणाचं घोडं मारलं ते सांग.

उभा जन्म लूमवर गेला, तेव्हा कापड आपल्याला कळतं या भरवशावर पहिला जोड मी मानकोली नाक्यावरच्या हातगाडीवरून एकट्याने आणला. चोळून पाहिला, ताणून पाहिला, उजेडात धरून पाहिला, आणि सुती म्हणून घेतलेला तो जोड नायलॉनचा निघाला. संध्याकाळी दिवा लावायला गेलो तो दारापासून देव्हाऱ्यापर्यंत न चालताच पोचलो. मंदाला वाटलं, मी साष्टांग नमस्कार घालतोय. (तिने मागून हातही जोडले.) मग माझं कण्हणं तिला ऐकू आलं. दुसरा जोड बाजारातून आणला, लोकरीचा. ऊब होती, पण खाज अशी सुटायची की मी दिवसभर एका पायाने दुसरा पाय घासत उभा. भूपेशने विचारलं, बाबा, कसला नाच बसवताय.

शेवटी रीमाने मोबाइलवरून मागवले. ज्या गोदामातून ते निघाले ते आपल्या गच्चीवरून दिसतं (आपण लहानपणी खेकडे धरायचो, अगदी त्याच जागी उभं आहे), तरी यायला आठवडा लागला. पण काय मोजे आहेत, आक्का. आतून टॉवेलसारखे मऊ, घोट्याला वळ उठत नाही, आणि घसरू नये म्हणून तळाला रबराचे बारीक ठिपके. मी घालून घरभर फिरलो, लादीवर मुद्दाम गर्रकन वळून दाखवलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मंदा आडवी आली. वाकून तिने ठिपक्यांवर बोट फिरवलं आणि निकाल दिला, "रबर लागला म्हंजे ती चप्पलच हाय. माझ्या ओट्याशी चप्पल चालायची न्हाय."

मी म्हटलं, रबर तर कुकरच्या झाकणालाही आहे. ती म्हणाली, "कुकर पायात घालून संडासात जात न्हाय कुनी." तरी मी माघार घेतलेली नाही हे लक्षात असू दे. बिनठिपक्यांचे घातले तर मी पडतो, ठिपक्यांचे घातले तर बाहेर राहतो. (रीमा म्हणते, ठिपके खरवडून काढू. मग मागवले कशाला?) लग्न झाल्यापासून सकाळचा चहा मी ओट्याशी स्टुलावर बसून प्यायलोय. मंदा भाकऱ्या थापते आणि मी तिला गावच्या बातम्या सांगतो. आता चहा उंबऱ्यावर येतो आणि बातम्या ओरडून सांगाव्या लागतात. शेजाऱ्यांच्या बातम्या ओरडून सांगता येत नाहीत, त्यामुळे आमचं बोलणंच खुंटलंय. ते मला फार लागतं. तरी मोजे काढणार नाही. तुझा शब्द ती मोडत नाही, तेव्हा एकदा ये आणि मोजे म्हणजे कापड, हे तिच्या तोंडावर सांग.

तुझा, उंबऱ्याबाहेरचा,
केसरीनाथ

ता. क. निकाल माझ्याविरुद्ध देणार असशील तर येऊ नकोस. उगाच गुडघ्यांना त्रास.

आणखी एक ता. क. खरं तर तू आली नाहीस तरी चालेल. काम वेगळंच आहे. स्टुलावर बसायचो तेव्हा मला मंदाचे हात दिसायचे. उंबऱ्याबाहेरून तिचे पाय दिसतात. पहाटे ती त्या लादीवर अनवाणी उभी असते, आणि भाकरी थापताना एक पाय दुसऱ्या पायावर ठेवते, मग बदलते. इतके दिवस मला हे दिसलं नव्हतं. मी माझे मोजे पुढे केले, तर म्हणाली, जोडवी अडकतात. जोडवी ती काढणार नाही, काढ असं मी सांगणारही नाही. तर तू तिच्यासाठी एक जोड वीण. लोकर मऊ घे, बोटांशी उघडा ठेव म्हणजे जोडवी मोकळी राहतील, आणि तळाला टाके खरबरीत घाल. रबर नको, नाहीतर ती स्वतःलाच स्वयंपाकघराबाहेर काढील. आपण होऊन विणले असं सांग. माझं नाव काढलंस तर मी हरलो असा अर्थ होईल.

माप सोबतच्या कागदावर आहे. दुपारी ती झोपली होती तेव्हा पेन्सिलने आखलं. मध्येच तिने पाय हलवला, म्हणून उजवा जरा मोठा आलाय. तेवढं कमी करून घे.