ओढून पाहिलेली शिवण

ता. ४ जून

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी वाईट बातमी देतो, म्हणजे पुढचं हसत वाचशील. आईच्या पोटात पुन्हा पाणी झालंय. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, नुसते आमच्याशी बोलताना चष्मा पुसत राहतात. मी समजायचं ते समजलो. तिची कॉट दुकानाच्या वरच्या खोलीत खिडकीशी घातली आहे, कारण खालून मशीनचा आवाज आला नाही की तिला करमत नाही. परवापर्यंत पडल्या पडल्या कोटांची काजं करत होती. वहिनीच्या काजांना नावं ठेवण्याइतका जोर तर तोवर अंगात होता.

आता चांगली बातमी. तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हापासून तीन वर्षं तुला या घराचं दार बंद आहे. ते मी उघडलंय. रविवारी काका आले होते. त्यांच्यादेखत मी आईला सांगून टाकलं की सुईनं ते सगळं सोडलं, चर्चला जाणं बंद केलं, चूक झाली असं मला स्वतः कळवलं. काकांनी माझी पाठ थोपटली. आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. सुटली बिचारी. तुझा केवढा घोर होता तिच्या जिवाला!

आता तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, त्या मला इथून दिसताहेत. उगीच का तुला सगळे सुई म्हणतात! पण टोचण्याआधी नीट ऐक. तुला खोटं बोलायचं नाही, ते मी बोललोय. ट्रायलसाठी आपण कोटाला कच्चा दोरा घालतो ना, तसं हे समज. काम झालं की ओढून टाकायचा, कापडावर खूणही राहत नाही. तू ये, गळ्यातला क्रूस पिशवीत ठेव, जेवताना डोळे मिटून बसू नकोस, आणि कुणी काही विचारलं तर मूग गिळून गप्प राहा. आई गेल्यावर तुला हवं ते कर, मी चकार शब्द काढणार नाही.

शिवणखोलीतल्या मोठ्या बाई रजा देत नसतील तर माझं नाव सांग. त्या मला ओळखत नाहीत ते बरंच आहे. वाट पाहतो. आहे तो लोभ तसाच राहू दे.

तुझा,
दादा

---

ता. ८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं, इथे दवाखान्याच्या शिवणखोलीत, दुरुस्तीला आलेल्या चादरींच्या ढिगावर बसून. आईचं वाचून रडले. पुढचं वाचलं तसं रडू थांबलं आणि राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून अक्षर असं आलंय.

तू हे मायेनं केलंस हे मला कळतं. पण दादा, माझ्या तोंडचं वाक्य तू परस्पर बोललास आणि तेही खोटं. काकांनी कटिंगच्या टेबलावर माझी मान दाबून धरली होती तेव्हा मी ते वाक्य बोलले नाही. ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही नाही. आईनं माझे कपडे जिन्यावरून खाली फेकले. मग ती माझ्या वसतिगृहाच्या पायरीवर दिवसभर बसून राहिली आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला माझी मुलगी मेली म्हणून सांगत राहिली. मी पाण्याचा पेला घेऊन खाली गेले. तिनं विचारलं, सोडतेस का. मी नाही म्हटलं. तिनं माझ्या हातातला पेला घेतला, पाणी प्यायली आणि उठून गेली. ती मला शेवटची भेटली ती अशी.

त्यात तुला काय मिळतं, असं तू नेहमी विचारतोस. मला नीट सांगता येत नाही, मी काही शिकलेली उपदेशक नाही. बाबा गेल्यावर मला कुणापुढेच मन मोकळं करता येत नव्हतं, ते प्रार्थनेत करता आलं. माझं काही चांगलं नसताना येशूनं मला आपली म्हटलं, असं मला वाटतं, आणि मीही भर सभेत उभी राहून मी त्याची आहे असं मोठ्यानं सांगितलं. आता मी त्याची नाही असं सगळ्यांना वाटावं म्हणून गप्प बसायचं, तर ते नाही म्हणण्यासारखंच झालं.

मी येते. भांडायला येत नाही. स्वतःहून एक अक्षर काढणार नाही, आईचे पाय चेपीन, तिची राहिलेली काजं करीन. पण तिनं विचारलं तर खरं सांगीन. त्यापेक्षा मी येण्याआधी तूच तिला खरं सांग ना. तुझ्या पाया पडते. हा तुझा दोरा लवकर ओढून काढ, कापडात मुरायच्या आत.

वहिनीला नमस्कार. रागावले तरी माया तुझ्यावरच आहे, तूही ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुई

---

ता. १३ जून

चि. सुईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. एवढ्या नाकदुऱ्या मी कुठल्या गिऱ्हाइकाच्याही काढत नाही. मरणाऱ्या बाईसमोर चार दिवस तोंड मिटून बसायला सांगितलं, तर तुझं उत्तर हे. इतका कसला तो देव, ज्याला तुझ्या आईपेक्षा तुझं वाक्य मोठं वाटतं?

आईला मी काहीही सांगणार नाही. डॉक्टरांनी तिच्या मनाला धक्का बसेल असं काही बोलायचं नाही अशी ताकीद दिली आहे. आणि कशाला सांगू? ती शांत झाली आहे. पूर्वी सकाळी मी चहा घेऊन गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, अजून तशीच आहे का ती. मी हो म्हटलं की तुला शिव्यांची लाखोली. त्या रविवारपासून तिनं तुझं नाव काढलेलं नाही. सुई हातात घेत नाही, कुणाच्या कामाला नावं ठेवत नाही, पडून असते. तीन वर्षांनी या घरात शांतता आहे, तीत तू तुझं खरं घेऊन येऊ नकोस.

काका रोज पुढच्या खोलीत बसून असतात. तू गप्प राहायला तयार असशील तर दार उघडं आहे. नसशील तर येऊ नकोस. मला तुला दारातून परत पाठवायला लावू नकोस, ते मला जमणार नाही आणि काकांना जमेल.

यापुढे लोभाचं काय ते तूच ठरव.

दादा

---

ता. १७ जून

ती. सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवतेय. तू तिथे आठवड्याला जातेस, तेव्हा मिळेल.

मी येऊन गेले ते तुला ठाऊक आहेच. काकांनी दार अर्धं उघडून विचारलं, सोडलंस ना. मी म्हटलं, नाही, दादा खोटं बोलला, मला नुसतं आईला बघू द्या. त्यांनी दार लावून घेतलं. दादा मागे कात्री हातात घेऊन उभा होता, त्यानं वर पाहिलं नाही. मग मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, दुकानाचं शटर खाली येईपर्यंत. वरची खिडकी दिसत होती. एकदा वाटलं आईचा हात काचेला लागला. तेवढ्यात कुणीतरी पडदा ओढला. तू ओढलास का ते मी विचारत नाही.

माझं एकच काम कर. खोलीत कुणी नसेल तेव्हा आईच्या कानाशी जा आणि सांग, सुई अजून तशीच आहे. बस, एवढंच. ती चिडली तर चिडू दे, मला शिव्या देऊ दे. तिच्या शिव्या मला पुरतील. मी न केलेली गोष्ट तिनं माझी म्हणून बरोबर नेऊ नये, एवढंच मला हवंय.

वहिनी, तुझ्यावर हे ओझं टाकताना मला लाज वाटते. त्या घरात तुझं कुणी ऐकत नाही हे मला माहीत आहे, माझंही ऐकत नव्हते. तुझी माया मी गृहीत धरतेय, राग मानू नकोस.

तुझी,
सुई

---

ता. २७ जून

प्रिय सुईस,
अनेक आशीर्वाद.

आई मंगळवारी सकाळी गेल्या. सगळं त्याच दिवशी उरकलं. तुला कळवायचं नाही असं काकांनी ठरवलं आणि यांनी मान डोलावली. म्हणून मी लिहितेय, आणि हे माझं पहिलंच पत्र असं असावं याचं मला फार वाईट वाटतं.

पडदा मीच ओढला होता. काकांनी खालून हाक मारून सांगितलं म्हणून.

आता जे लिहिते ते यांनाही माहीत नाही. ज्या रविवारी यांनी ते सांगितलं, त्या दिवशी सगळे खाली गेल्यावर मी आईंची उशी सारखी करायला गेले. त्यांनी मला विचारलं, खरंच सोडलं का तिनं. नवऱ्याचा शब्द खोटा कसा पाडायचा म्हणून मी हो म्हटलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. तुला त्यांची सवय आठवते ना? शिवून आलेला कुठलाही कपडा घेऊन शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायच्या. उसवली तर कपडा आपल्या अंगावर फेकायच्या, टिकली तर काही न बोलता घडी घालून ठेवायच्या. तर त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, की मी तिला एवढं ओढून पाहिलं, दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून. पक्की होती. कशी उसवली कोण जाणे.

मग त्यांनी उशीखालून आपलं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढलं. ते त्यांनी तुझ्यासाठी ठेवलं होतं, माझ्याजवळ तसं बोललेल्या होत्या, वर हेही म्हणाल्या होत्या की त्या कार्टीला मी मेल्यावरच द्या, आधी दिलंत तर तिला वाटेल मी हरले. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, तूच वापर. त्यानंतर त्यांनी सुई धरली नाही.

त्याआधी यांनी रोज सकाळी तू तशीच आहेस म्हणून सांगितलं की आई तोंडानं शिव्या द्यायच्या आणि जेवण मात्र व्यवस्थित जेवायच्या. ताट मी उचलत होते. मला दिसत होतं, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी भ्याले. आज सांगू, उद्या सांगू म्हणत दिवस घालवले. सांगितलं ते सोमवारी. कानाशी वाकून दोनदा सांगितलं, सुई अजून तशीच आहे. तोवर त्यांची शुद्ध गेली होती. त्यांना ऐकू आलं असं मी तुला लिहू शकले असते, लिहिणारही होते. पण या घरात एक खोटं पुरे झालं.

यांनी सगळ्या नातलगांना सांगितलंय की तू घरात परत आलीस. पुढच्या रविवारी सगळे जमणार आहेत, आणि तू येशील म्हणून तुझी खुर्ची मांडायची आहे. अंगुस्तान मी कापडात बांधून ठेवलंय, तेव्हा घेऊन जा. ते माझं नाही. जमलं तर आपलं नातं तुटू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

---

ता. १ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र सोबत ठेवलंय. ते आधी वाच, मग हे. तिच्यावर ओरडू नकोस. तुझ्या घरात तिनं एकटीनं खरं लिहिलं, तेही उशिरा आणि भीत भीत.

वाचलंस? तर आता तुला कळलं असेल की आई त्या रविवारी सुटली नव्हती. तू म्हणालास खूण राहणार नाही. आई त्या खुणेसकट गेली. तिनं मला ओढलं, ताणलं, लोकांत मारून टाकलं, आणि मी टिकले म्हणून ती जेवत होती. माझ्या देवाला ती अखेरपर्यंत शिव्याच देत राहिली असती, मला खात्री आहे. पण मला ती ओळखत होती. तू तिला तिच्या ओळखीची नसलेली मुलगी दिलीस आणि शांतता झाली म्हणून मला कळवलंस.

मी रविवारी येणार नाही. ती खुर्ची तू बनवलेल्या मुलीसाठी आहे, तिलाच बसव. आपल्या लोकांना खरं सांगायचं की नाही ते तू बघ. मी आता गळ घालणार नाही, ज्या एका माणसाला कळायला हवं होतं ते गेलं.

अंगुस्तान वहिनीनंच वापरावं. आईनं ते शुद्धीत असताना, विचार करून तिला दिलंय. मला द्यावं अशी मी आहे, हे तिला शेवटी माहीत नव्हतं. ते मी घेतलं तर मी तिच्या हातातून ओढून घेतल्यासारखं होईल.

तुला क्षमा करणं मला भाग आहे. ज्याचं नाव सोडलं नाही म्हणून हे सगळं झालं, त्याचीच ती आज्ञा आहे, आणि ती मला आज सगळ्यांत जड जातेय. काका, लग्न, जिन्यावरचे कपडे, यांतलं काहीच इतकं जड नव्हतं. रोज प्रार्थनेत तुझं नाव घ्यायला तोंड उघडते आणि नावापुढचं वाक्य येत नाही. मी नाव घेऊन थांबते. उद्याही घेईन. वाक्य आलं की तुला कळवीन, त्याआधी कळवलं तर ते तुझ्यासारखं होईल.

लोभ ठेव असं लिहायला हात वळत नाही. पण घरी लोभ मागावा असं आता तुझ्यावाचून माझ्या रक्ताचं कुणी उरलेलं नाही, हेही खरंच आहे.

अजून तशीच,
सुई