अण्णांच्या खड्ड्याला पाणी लागलं

मु. बोरसुळी, शिरूर अनंतपाळजवळ,
जिल्हा उस्मानाबाद (खोडले) लातूर,
१२ एप्रिल १९८३

तीर्थस्वरूप नीलम्माक्कास धाकट्या बसवंताचा शरणार्थ.

तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि धर्माबादच्या मिरचीचा ठसका, तिन्ही बेताने असोत. (दाजींचा खोकला आडतीतल्या मिरचीमुळे आहे, बिडीमुळे नाही, हे त्यांचं म्हणणं मला अजूनही मान्य आहे.) आमचं म्हणशील तर टँकर आठवड्यातून दोनदा येतो आणि त्या दिवशी मी शाळा लवकर सोडतो, कारण पोरं नसली तरी हेडमास्तर रांगेत असतात. अण्णांची तब्येत विचारशील. अण्णा जिवंत आहेत. हे मुद्दाम लिहितो, कारण त्यावर सध्या आपल्या भागात दोन मतं आहेत.

त्याचं असं झालं. शिवरात्रीला अण्णा ओट्यावरून पडले आणि तेव्हापासून त्यांचे पाय त्यांचं ऐकेनात. आठ दिवस खाटेवर पडून राहिले आणि नवव्या दिवशी म्हणाले, "माझा खड्डा आत्ताच खणून ठेव. शेतात, तुझ्या आईच्या बाजूला." मी म्हणालो, अण्णा, घाई काय आहे? तर म्हणाले, "मला बी तिच्यासारखं दिवसभर भिंतीला टेकवून ठेवताव का?" अक्का, तुला आठवतंच. बहात्तरच्या त्या दुष्काळात आई गेली तेव्हा जमीन फोडता फोडता दोन पहारी वाकल्या होत्या. आपल्यात माणसाला बसवून पुरतात, म्हणून तिला सकाळपासून भिंतीशी बसवली होती, आणि ती कलू नये म्हणून तू दिवेलागणीपर्यंत तिचं डोकं धरून होतीस. तुझे हात नंतर दोन दिवस वर उचलत नव्हते. त्यामुळे मी खणायला दोन माणसं लावली.

आता गावात खड्डा खणायला घेतला की बातमी खड्ड्याच्या आधी पुरी होते. दुपारपर्यंत भजनी मंडळ दारात. स्वामी विभूती घेऊन आले. सरपंच चन्नबसप्पा हार घेऊन आले आणि शेजारच्या उमाबाईंनी उंबऱ्यातच गळा काढला. आत अण्णा खाटेवर बसून ज्वारीच्या कण्या खात होते. म्हणाले, "रडायचं झालं असंल तर च्या घ्या." (चहाला पाणी नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार?) आणलेला हार परत नेणं चन्नबसप्पांना बरं दिसेना. त्यांनी तो अण्णांच्याच गळ्यात घातला आणि लोकांनी सत्कार झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. आपल्या घरात आजवर झालेला हा पहिलाच सत्कार.

आईचा खड्डा चार हात होता. अण्णा उंच, म्हणून मी पाच हात खणायला सांगितला होता. त्या पाचव्या हातावर पाणी लागलं. सरकारने गावात तीन ठिकाणी बोअर घेतले, तिन्हीतून नुसता फुफाटा निघाला, आणि अण्णांच्या खड्ड्यात संध्याकाळपर्यंत मांडीइतकं पाणी. आई बुटकी होती म्हणून गाव दहा वर्षं तहानलेलं राहिलं, असंही एक जण बोलून गेला. (मी त्याला काही बोललो नाही. त्याच्या घरी बाळंतीण आहे.) सगळ्यात आधी घागर घेऊन उमाबाई आल्या, त्याच, गळा काढणाऱ्या. तिसऱ्या दिवशी आपल्या बांधापासून मारुतीच्या पारापर्यंत रांग होती. लोक जाता जाता आईच्या समाधीला हात लावतात आणि मग बाजूच्या खड्ड्यात दोर सोडतात. अण्णांना खूप आयुष्य मिळो, अशी प्रार्थना गावात सध्या मनापासून चालू आहे, कारण ते गेले तर खड्डा लागेल.

मग नव्या जिल्ह्याची जीप आली. जिल्हा नवा, साहेब नवे, फक्त जीप जुनी, तिच्यावर अजून उस्मानाबादच आहे. कारकुनाने फॉर्म भरायला घेतला. विहीर खोदण्याचा हेतू काय? मी खरं ते सांगितलं, वडिलांना बसवण्यासाठी. त्याने वडिलांच्या नावामागे कै. लावून टाकलं. ते जिवंत आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, आता खोडता येत नाही, दुरुस्तीला मूळ कागद लागतात आणि मूळ कागद उस्मानाबादेत आहेत. मी उस्मानाबादेला गेलो तर म्हणाले, तुम्ही आता लातूरचे. लातूरला गेलो तर म्हणाले, शिक्का अजून यायचा आहे. तेव्हा कागदावर अण्णा दोन्ही जिल्ह्यांतून गेलेले आहेत.

साहेब मात्र भला माणूस. त्याने खड्ड्यात वाकून पाहिलं आणि सांगितलं की एवढ्याशा तोंडाने हे पाणी मेअखेर टिकणार नाही, वीस फूट रुंदीची विहीर पाडली तर गाव तरेल. दहा फुटांची दोरी त्याने धरली आणि चुन्याने गोल आखला. आई त्या गोलात येते. स्वामींनी तोडगा काढला आहे, की समाधीतली माती मडक्यात घेऊन पश्चिमेच्या बांधाला नवी समाधी करायची. गावाचं एकमत आहे. माझीही काही हरकत नाही. अण्णा त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, पण ते पायांमुळे असेल.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बसवंत

ता. क. सोबत संमतीपत्र जोडलं आहे. सातबाऱ्यावर अण्णांबरोबर आपली दोघांची नावं आहेत, तेव्हा फुली मारली आहे तिथे सही करून लगेच पाठव. शुक्रवारी साहेब येणार आहे.

ता. क. २. सही करू नकोस. वरचं सगळं पत्र मी चन्नबसप्पांसमोर ओट्यावर बसून लिहिलं. हे घरात बसून लिहितो. अक्का, माझी हरकत आहे. आईच्या अंगावर पहार घालायला माझा हात धजणार नाही. पण मी नाही म्हणालो तर उद्या त्या बाळंतिणीच्या दारावरून शाळेत कोणत्या तोंडाने जाऊ? तू नाही म्हण. लेकीचं मन आहे, लोक समजून घेतील, आणि शिव्या दिल्या तरी त्या धर्माबादपर्यंत ऐकू यायच्या नाहीत. मी भित्रा आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तुलाच सांगतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना अण्णांनी पत्र वाचून दाखवायला लावलं. मी दुसरा ता. क. गाळला, तरी त्यांना कळलं. मग म्हणाले, "लेकीच्या गळ्यात कशाला घालतूस? सही कर म्हणाव तिला. मी बी करतो. पर मडकं भरताना मला तिथं न्या. दहा वर्सं झाली, एका जागी बसलीय ती. दुसऱ्या कुणाच्या हाकेनं उठायची न्हाई."

अण्णांना उभं राहायला दोन्ही बाजूंनी माणूस लागतं. उजवीकडून मी धरतो. सही टपालाने पाठवू नकोस, शुक्रवारच्या आत घेऊन ये.